काठीच्या घरातलं पाणी

हे मी बहिणीला सांगितलं नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही शब्द गिळले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते — समोर बसला असतात तर जमलं नसतं.

आमचे हे फॅक्टरीत फायबरच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये दुरुस्तीची कामं घ्यायचे — पाण्याच्या टाक्या, कूलर, कधी बरगी धरणावरच्या शिडाच्या नावा. नावेत मात्र स्वतः कधी बसले नाहीत. "पोहता कुठं येते मला?" म्हणून हसायचे. तसं हसणं मी सहा वर्षांत ऐकलेलं नाही.

नेपियर टाउनातल्या एका सरांची जुनी नाव आली होती. लहानशी, दोघांपुरती. डोलकाठी ज्या नळीत उभी करतात तिला आम्ही काठीचं घर म्हणायचो. ती नळी बुडाशी गळत होती आणि पाणी नावेच्या पोटात उतरत होतं. यांनी नळीशेजारी नावेला वरून गोल भोक पाडलं, पण यांचा हात आत जाईना. माझा गेला.

"मागपर्यंत घास बरं," हे म्हणाले. "गुळगुळीत राहिलं तर नवा थर धरत नाही."

नळीचं बूड समोरून मी घासलं. मागच्या बाजूला हात वाकडा करावा लागत होता, फायबरमधल्या काचेची भुकटी कोपरापर्यंत टोचत होती. कोण पाहणार होतं आत? मागून नुसतं पुसल्यासारखं केलं आणि यांना सांगितलं — झालं. यांनी रेझिनमध्ये ते घट्ट धरावं म्हणून हार्डनर मोजून घातलं, काचेची चटई भिजवून माझ्या हाती दिली. मी ती चाचपडत बुडाभोवती दाबली.

इथपर्यंत आळसच म्हणा. पण मी इथं थांबले नाही.

काम वाळलं की नळीत पाणी भरायचं, पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीची खूण करायची आणि संध्याकाळी पाहायचं. खुणेवर पाणी राहिलं तर नाव मालकाला परत द्यायची, नाहीतर सगळं काढून पुन्हा. यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून हे पाहणं माझ्याकडे होतं. चार वाजता मी गेले. पाणी दोन बोटं उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला नागपूरला बहिणीकडे जायचं होतं. चार वर्षांनी. पिशवी भरलेली, चिवडा करून ठेवलेला. सांगितलं असतं तर आणखी आठ दिवस तीच भुकटी, तोच वाकडा हात — आणि मागून घासलं नाही हेही उघडं पडलं असतं. हे फाटकाशी सरांशी बोलत होते. मी लोटा घेतला. खुणेपर्यंत पाणी भरलं. आणि हाक मारली — या, पाहा.

यांनी वाकून खुणेवर बोट लावून पाहिलं. "थेंबभर नाही हललं! सर, हिच्या हातचं काम आहे हे." मी मान खाली घातली. सरांना वाटलं, लाजली.

दोन महिन्यांनी धरणावर वारा सुटला, नळीचं बूड फाटलं आणि काठी सरांच्या खांद्यावर पडली. मासेमारांनी त्यांना पाण्यातून काढलं. तो हात त्यानंतर खांद्याच्या वर गेलाच नाही. नाव परत आली तेव्हा यांनी आतला थर ओढला, तर तो पापुद्र्यासारखा हातात आला.

"पाणी उतरलं नव्हतं न ग?"

"नाही."

पुन्हा खोटं. तेव्हा तरी सांगता आलं नसतं का?

"मग माझंच माप चुकलं. काहून चुकलं असेल?" हे त्यानंतर सरांसमोर हात जोडून आले. मी बाहेर ऑटोत बसून राहिले.

शेडला कुलूप लागलं. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, सगळं स्वच्छ दिसायला लागलं, मला वाटलं आता उघडतील. पाटणहून एक माणूस फुटकी टाकी घेऊन आला. "नहीं भैया, अब हमसे नहीं होता," म्हणून परत पाठवला. नजर आली, पण स्वतःवरचा भरवसा गेला. गोळ्या, गॅस, दाराची कडी — सगळं मला विचारतात. "तू पाहून सांग. तुझं पाहणं पक्कं आहे." बहीण म्हणते, किती जीव आहे ग भाऊजींचा तुझ्यावर!

कितीदा तोंड उघडलं. जेवायला वाढताना तर रोजच.

"काय म्हणत होतीस?"

"भात घालू?"

आज दुपारी चहाचं आधण यांनी ठेवलं. कपानं मोजून पाणी घातलं, पातेल्यात वाकून पाहिलं, पुन्हा कपात ओतलं, पुन्हा मोजलं. ज्या माणसानं आयुष्यभर हार्डनर थेंबाथेंबानं मोजलं, तो दोन कप पाण्यापाशी थांबून राहिला.

"सुमे, दोनच आहेत न? पाहून सांग."

मी पाहिलं. माप बरोबर होतं. त्या दिवशीही त्यांचं माप बरोबर होतं.

"हो, दोनच आहेत," मी म्हणाले आणि साखरेचा डबा काढून दिला.