उभ्या थरांचा केक

घरात तिला दातवाली म्हणत. हे नाव तिच्या स्वतःच्या दातांवरून पडलेलं नव्हतं. ते चारचौघींसारखेच, किंचित वाकडे होते. ती दुसऱ्यांचे दात करायची. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि हिरड्यांची गुलाबी पावडर यांच्या संगतीत बसून तिने निम्म्या गावाला नव्याने हसायला लावलं होतं, आणि बाबांचं सोडलं तर त्यातलं एकही हसू समोरून पाहिलेलं नव्हतं. माणसं तिच्याकडे यायची ती फक्त जबड्यांच्या साच्याच्या रूपात, वर चिठ्ठी चिकटवून. साचे उलट बोलत नाहीत, हा या कामातला मोठा फायदा. लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, "दिवसभर लोकांची तोंडं सांभाळते. घरी आल्यावर आणखी एक कशाला?"

घरी तोंडं अर्थात होतीच. आईबाबा तिच्याजवळ राहत. दादा, ताई आणि धाकटा भाऊ आपापल्या संसारात होते, पण रुसायला सगळे इथेच येत. आईच्या भिंतीवर कुटुंबाचे फोटो होते. एकात दादा नाही, एकात ताई नाही, एकात धाकटा आहे पण पाठमोरा. प्रत्येक फोटोमागे एक रुसवा होता आणि आईला ते सगळे कारणांसकट पाठ होते. शेवटच्या फोटोशेजारी तिने एक खिळा मारून ठेवला होता. रिकामा. त्याला ती कॅलेंडरसुद्धा अडकवू देत नसे.

लग्नाला पन्नास वर्षं होत आली तेव्हा दातवालीने दोघांना विचारलं, काय हवं? बाबांनी पंखा मागितला. आईने खिळ्याकडे बघितलं.

"चौघं एका फोटोत," ती म्हणाली. "तोंडं समोर करून. बाकी काही नको मला."

पंखा सोपा होता.

चौघांना एका जागी चिकटवून ठेवील असं काहीतरी टेबलावर हवं, असा दातवालीने विचार केला. दात चिकटवायचा माल तिच्याकडे भरपूर होता. भावंडांसाठी तसला काही निघालेला नव्हता. म्हणून तिने केक करायचं ठरवलं. चार थरांचा, प्रत्येकाच्या आवडत्या रंगाचा एकेक थर. रंग विचारले, ते चहा गार व्हायच्या आत आले. दादाचा हिरवा, ताईचा जांभळा, धाकट्याचा निळा. तिने स्वतः पिवळा घेतला. मग कौतुकाने एक चित्र काढलं, वयाच्या क्रमाने थोरला तळाला आणि धाकटा वर, आणि भावंडांच्या ग्रुपवर टाकून दिलं.

पहिला फोन दादाचा.

"मला काही फरक पडत नाही," तो म्हणाला. या वाक्याने सुरू झालेला दादाचा फोन लवकर संपल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं. "पण मी सगळ्यात खाली का?"

"अरे, तू पाया आहेस. सगळे तुझ्यावर उभे."

"तेच म्हणतोय मी. जन्मभर तेच चाललंय!"

ताई म्हणाली, "दादाच्या वर मी, ते बरोबरच आहे. पण माझ्या डोक्यावर तू? कशी काय गं?"

धाकटा सगळ्यात वर होता, म्हणून त्याच्याकडून तरी शांतता अपेक्षित होती. "दातताई, एक विचारू? सुरी आधी कोणात घुसते?"

दातवालीने चित्र उलटं करून पुन्हा पाठवलं. तिघांचेही फोन नव्याने आले. ताईने कळवलं की ती येईल, पण फोटोला थांबेलच असं नाही. दादाने कळवलं की त्या दिवशी त्याची पाठ दुखेल असं दिसतंय. दादाची पाठ नेहमी आगाऊ सूचना देऊन दुखायची. आईने हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि बाहेर येऊन फडक्याने खिळा पुसून घेतला. तो पुसणारा हात बघून दातवालीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर ती मेणाची गुलाबी पाटी जाळावर धरून बसली. पाटी मऊ झाली की तिची घट्ट गुंडाळी करायची, त्या गुंडाळीचं कडं साच्यावर बसवायचं, आणि पुढे त्यात दात रोवायचे. अशा गुंडाळ्या तिने आजवर किती केल्या असतील त्याला गणती नव्हती. पण आज गुंडाळी आडवी न ठेवता तिने उभी धरली आणि वरून बघितलं. थर होते. सगळे उभे होते. कोणी कोणाच्या डोक्यावर नव्हतं.

ती इतक्या जोरात "अय्या!" म्हणाली की पलीकडच्या खोलीत, खुर्चीवरच्या पेशंटने घाबरून तोंड मिटलं.

मग घरात केकच्या नावाखाली जे चाललं त्याला कारखाना म्हणणं योग्य होईल. पातळ पत्र्यासारखे चार रंगीत केक भाजायचे, त्यांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, क्रीम लावून एकीभोवती दुसरी गुंडाळत न्यायची आणि तो सगळा गठ्ठा उभा ठेवायचा. मेण गार झालं की मोडतं हे तिला ठाऊक होतं. केकचंही तेच आहे, हे पहिला हिरवा पत्रा दुभंगल्यावर ठाऊक झालं. पुढचे तिने गरम असतानाच साखर भुरभुरलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. मोडलेले तुकडे संपवायची जबाबदारी बाबांनी न सांगता उचलली. रंग नजरेत भरला पाहिजे म्हणून तिने हात सैल सोडला होता. त्यामुळे बाबांची कवळी हिरवी, मग निळसर आणि शेवटी नाव नसलेल्या रंगाची झाली. दातवालीला पांढऱ्याच्या सोळा छटा नंबरासकट ओळखता येत. हा रंग त्यांत नव्हता. या गोष्टीकडे तिने तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं, पण ती आनंदात होती, आणि आनंदात माणूस बारकाव्यांत कमी पडतो.

बाहेरून तिने पांढरं क्रीम लावलं आणि नव्याकोऱ्या पात्याने असं घोटलं की आईला त्यात स्वतःचं नाक दिसलं. वर चार रंगांचे ठिपके काढले. ते सारखे आहेत ना, हे आईने दोनदा मोजून घेतलं.

लग्नाच्या वाढदिवसाच्या संध्याकाळी तिघेही आले, आपापल्या अटी घेऊन. दादाचा एक हात पाठीवर होता. ताईने खांद्यावरची पर्स काढली नाही. धाकटा दाराला टेकून राहिला. खालच्या मजल्यावरचे काका कॅमेरा गळ्यात घालून कोपऱ्यात उभे होते. त्यांना या घराचा अनुभव होता, म्हणून त्यांनी झाकण काढलं नव्हतं.

"थर कुठेत?" दादाने विचारलं.

"आत."

"खाली कोण?"

"कापल्यावर बघ की."

आईबाबांनी सुरी चालवली. पहिला तुकडा ताटलीत आला आणि सगळ्यांच्या माना लांब झाल्या. हिरवा, जांभळा, निळा, पिवळा. चौघेही सरळ उभे, खांद्याला खांदा लावून. दादाचा पाठीवरचा हात खाली आला.

"अगंबाई!" ताई म्हणाली. आणि दुसऱ्याच क्षणी, "पण मधोमध पिवळा आहे. म्हणजे तू!"

"कोणापासून तरी सुरुवात करावी लागते ना!"

"आणि मी सगळ्यात बाहेर?" दादा म्हणाला. "घराबाहेर काढल्यासारखा?"

"दादा, डोकं चालव," दारातून येत धाकटा म्हणाला. "बाहेरचं कडं सगळ्यात मोठं. तुझाच केक सगळ्यात जास्त."

दादाने हिशेब केला. त्याचा चेहरा उजळला.

"बघा! पुन्हा त्यालाच जास्त!" ताईने पर्स खुर्चीवर फेकली, कारण हे दोन्ही हातांनी सिद्ध करायचं काम होतं. "आण तो चमचा!"

मग चौघं एकाच ताटलीवर ओणवे झाले. कोणाचा पट्टा किती जाड, हे चमच्याने मोजायचं आणि मोजलेलं लगेच खाऊन पुरावा नष्ट करायचा, अशी पद्धत पडली. दुसरा तुकडा आला, तिसरा आला. दादा कमरेत इतका वाकला होता की त्याच्या पाठीला स्वतःच्या दुखण्याचा विसर पडला.

"अरे, तुझे दात बघ!" ताई धाकट्यावर ओरडली.

"माझे? तू आधी आरशात जा!"

दादाने दोघांना हसायला तोंड उघडलं आणि त्याचेही तसेच निघाले. चौघांचेही एकाच, नाव नसलेल्या रंगाचे. दातवालीने ते बघितलं आणि तिला हसण्याची अशी उबळ आली की ती ताईच्या गळ्यात पडली, ताई दादावर कलंडली आणि धाकट्याने टेबल धरलं, नाहीतर केक आडवा झाला असता. आपली कवळी एकटीच रंगीत नाही याचा बाबांना इतका आनंद झाला की हसता हसता ती निसटून टेबलाखाली गेली.

"काका, काढा!" आई किंचाळली. "काढा, काढा, आत्ता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला तो असा: चार तोंडं, चारही समोर, चारही टाळूपर्यंत उघडी. शेजारी आई, खिळ्याकडे बोट दाखवत.

आईने तो स्वतःच्या हाताने लावला, मागे सरकून बघितला, पुढे येऊन डावा कोपरा केसभर वर केला.

"यात मी कुठे आहे?" बाबांनी विचारलं. दातवालीने फोटोत खाली दाखवलं. टेबलक्लॉथच्या कडेखालून एक हात बाहेर आला होता, आणि त्या हातात कवळी.

"हा काय फोटो झाला? पुन्हा काढा."

"मी चौघंच म्हटलं होतं," आई म्हणाली.

बाबा रुसले. संध्याकाळपर्यंत पंख्याखाली बसून राहिले, पंख्याचं कौतुकही केलं नाही. शेवटी आईनेच आतून आवाज दिला, "बरं बाई, मारा आणखी एक खिळा."

हातोडी शोधायला बाबा लगेच उठले.