गवा बघितलाय का, मॅडम?

गवा सकाळी चरतो आणि ऊन चढलं की सावलीत बसून रवंथ करतो. आमच्या ग्रूपचंही तेच. गव्यांची माहिती सांगत आम्ही गावोगाव हिंडतो, तिथं किस्से चरतो आणि आमच्या विश्रामबागेत घरी परतलो की चहावर रवंथ करतो. भाषण करते मी. जिवंत गवा एकदाही न पाहिलेली मी! ग्रूपला हे माहीत आहे. गावांना कळू नये, एवढीच माझी धडपड.

*

पहिलं पोस्टर आमच्या नंदूनं केलं. नेटवर ‘बायसन’ टाकलं आणि आला तो फोटो छापला. शिराळ्याकडं एका गावात उलगडून बघतो तर काय, अंगभर लोकर, हनुवटीला दाढी, पाठीवर बर्फ!

मी सावरून घेतलं, “हा अमेरिकेतला. तिकडं बर्फ पडतो, म्हणून लोकर. आपल्याकडं उकडतं, म्हणून आपल्या गव्याचे केस आखूड आणि तुकतुकीत.”

पुढं बसलेले एक आबा म्हणाले, “म्हंजी हिकडं येताना भादरून येतंय म्हना की.”

*

दुष्काळी जतला मी रंगात येऊन सांगत होते, “गव्याला गर्द झाडी लागते, हिरवं गवत लागतं, बारमाही पाणी लागतं.”

एक मेंढपाळ शांतपणे म्हणाला, “बाई, आमी बी त्येच मागतोय. गव्याला कुटं मिळालं तर आमाला सांगा.”

*

चांदोलीच्या रस्त्याला आमचे ड्रायव्हर शंकरमामा यांना गवा हमखास दिसतो. मला त्यानंतर हमखास चष्मा सापडतो.

एकदा मात्र मीच आधी ओरडले, “मामा, थांबवा! काळं अंग, पांढरे मोजे!” गव्याचे पाय गुडघ्यापासून खाली पांढरे असतात, हे मीच तर शिकवते. सगळे श्वास रोखून उतरले. नंदूनं फोटोंचा सपाटा लावला.

उसातनं एक बाई बाहेर आली. “काय करताय माज्या म्हशीचं?”

“पण पाय पांढरे…”

“चुन्याच्या खड्ड्यात शिरली हुती मगाशी.”

तेव्हापासून ग्रूपमध्ये मी म्हैस मॅडम.

*

मग पाटणकडचं ते गाव. डोंगराला लागून शाळा, व्हरांड्यात लोक, शेताकडं पाठ करून मी. एरवी माझ्या भाषणात जांभया येतात, फोन वाजतात. त्या दिवशी कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळे डोळे विस्फारून माझ्याकडं बघतायत. मी अशी फुलले म्हणता! शंकरमामा लांबून हात हलवत होते. मला वाटलं, ‘आवरा’ म्हणतायत. दुर्लक्ष केलं.

“गव्याला कडक ऊन सोसत नाही,” मी आवाज चढवला. “ऊन तापलं की तो उठतो आणि सावली गाठतो.”

सगळ्यांच्या माना हळूहळू डावीकडून उजवीकडं वळल्या. मग एकदम कुजबुज सुरू झाली.

एका आजीनं विचारलं, “मॅडम, तुमी गवा बघितलाय का कवा?”

“पुष्कळदा,” मी ठोकून दिलं.

“तरीच. तुमी येकदा बी मागं वळला न्हाई. आमी आपलं बगत बसलो. तुमी उन्हाचं काढलं आन् त्यो उठला की वं, गेला सावलीला!”