बावीस वर्षं टेम्पररी

मी शाळेत इंग्रजी शिकवते. दरवर्षी 'टेम्पररी' या विशेषणाचा अर्थ फळ्यावर लिहिते, थोड्या काळापुरता, आणि मुलांकडून वाक्यं करून घेते. टेम्पररी पूल बांधला. हा रस्ता टेम्पररी आहे. सगळ्यांना बरोबरची खूण देते आणि मनातल्या मनात चरफडते. माझी थोरली बहीण बावीस वर्षं टेम्पररी होती.

ताई एका सरकारी इस्पितळाच्या शिवणखोलीत कामाला होती. तळमजल्यावर, धोबीखान्याला लागून, एक खिडकी आणि दोन मशिनं. त्यातलं एक कायमचं रुसलेलं. चादरी, अभ्रे, पडदे, आणि मुख्य म्हणजे ऑपरेशनचे गाऊन. त्यांचे बंद रोज तुटायचे. ताई दुहेरी टाका घालून ते असे पक्के करायची की डॉक्टरांनी ओढून दमावं.

अकरा महिने भरले की तिला एक दिवस 'ब्रेक' मिळायचा. त्या दिवशी ती नोकरीत नाही. दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर, जणू बाई रस्त्याने चालली होती आणि हौसेने शिवायला आत शिरली. नोकरी सलग दिसली तर कायम करावं लागेल, म्हणून हा सगळा उपद्व्याप. निर्लज्जपणा तर पुढेच आहे. त्याच दिवशी सकाळी फोन यायचा, "ताई, तेवढे गाऊन करून जा ना, तासाभराचं काम." हजेरीपटावर सही नाही, पण काम हवं.

ताई जायची. मी आकांडतांडव करायचे.

"अगं, टेबलावर माणूस झोपलेलं असतं," ती चप्पल घालत म्हणायची. "त्याचं काय चुकलं?"

निवृत्तीआधी कायम झाल्याचा कागद हातात यावा, एवढंच तिला हवं होतं. बारा अर्ज मीच लिहिले. शेवटचा घेऊन आम्ही दोघी अधीक्षकांसमोर उभ्या राहिलो, तेव्हा निवृत्तीला सात महिने उरले होते.

"बाई, तुमच्या सेवेत खंड आहे," साहेब म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खंड पाडला कोणी? आणि त्या दिवशीही तुमचीच माणसं फोन करून बोलावतात!"

"त्याची नोंद कुठाय?"

ताईने पिशवीतून रबर लावलेला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. गाऊन पोचले की ऑपरेशन थिएटरची सिस्टर तारीख घालून पोचपावतीची चिठ्ठी देते. तेवीस ब्रेक, तेवीस चिठ्ठ्या. मला बहिणीलासुद्धा पत्ता नव्हता. साहेबांनी तीन-चार उलटून पाहिल्या, घसा खाकरला.

"बघू," म्हणाले.

त्यांचं ते 'बघू' साडेसहा महिने चाललं. मग ऑर्डर आली. निवृत्तीला अकरा दिवस असताना ताई कायम झाली. मी तो कागद वाचला आणि फाडून त्यांच्या तोंडावर फेकावा असं वाटलं. ताईने तो माझ्या हातून काढून घेतला, नीट घडी घातली आणि कपाटात ठेवला. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण रडले मी, रागाने.

चौथ्या दिवशी तिने रजेचा अर्ज दिला. भरपगारी रजा, आयुष्यातली पहिली.

पाचव्या दिवशी ती घरातच होती. केस धुतले, चहा घेतला, खुर्चीत बसली. दहाला फोन वाजला. थिएटरचा नंबर.

"वाजू दे," ताई म्हणाली. "काल चाळीस गाऊन शिवून कपाटात लावलेत. उघडून बघायला काय होतं?"

फोन बंद झाला. पुन्हा वाजला. तिचा उजवा हात आपसूक उठला. तिने तो ओढून घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

"मी रजेवर आहे," ती फोनकडे बघत म्हणाली, आणि तो थांबेपर्यंत तशीच बसून राहिली.