लोणारच्या चढावरची काकू

लोणारच्या सरोवराच्या काठावरची वाट सोपी हाय, पण खालून वर यायचा चढ जीव काढते. तिथं रोज एक काकू दिसायची. नाव मले अजूनबी माहीत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिले तो चढ एकदा तरी न बसता चढायचा होता. कमरेवर हात अन् दर वळणावर "हाऽऽश!" मी मागून तिची नक्कल करायचो, दोस्त हसायचे.

एका सकाळी तिनं मले पकडलं. "अर्धीच नक्कल काऊन करतं रे? चाल, तळापासून कर!"

खालून दोघंबी निघालो. अर्ध्या चढात माह्या तोंडून खरंच "हाऽऽश" निघालं अन् मी बसलो. ती बसली नाही. वर पोचून तिनं कमरेवर हात ठेवला अन् माह्यासारख्या धापा टाकून दाखवल्या. वर थांबलेले दोस्त सगळे हसले. टाळ्या मात्र सगळ्यात जोरात मीच वाजवल्या, खालूनच, बसल्या बसल्या.