हिरालालकाका नागपूरला गेले नव्हते

सोमवारी सकाळी आमच्या डायलिसिस युनिटमधल्या सहापैकी पाच बेडवर पेशंट आले होते. तीन नंबरचा बेड रिकामा होता. हिरालालकाका त्या दिवशी पहाटे, आमगावला राहत्या घरी, झोपेतच गेले होते. काकूंचा फोन मीच घेतला होता.

इन्चार्ज सरांनी मला बाजूला बोलावलं. "पेशंटना काही सांगू नका. पॅनिक होतात, बीपी पडतं. नागपूरला शिफ्ट केलं म्हणा."

"सर, दोन वर्षांपासून सगळे सोबत आहेत."

"म्हणूनच."

मी टेक्निशियन आहे. किडनी बंद पडलेल्या माणसाचं रक्त मशीनमधून स्वच्छ करून परत त्याच्या अंगात सोडायचं, हे माझं काम. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. हातात दोन जाड सुया टोचाव्या लागतात. तो हात मग हलवायचा नाही.

हिरालालकाका जादूगार होते. स्टेजवरचे नव्हेत. आठवडी बाजारात चटई टाकून बसायचे आणि समोरच्या चार-सहा माणसांना हातभर अंतरावरून खेळ दाखवायचे. आजारपणात बाजार सुटला. डावा हात मशीनला, म्हणून आमच्याकडे ते एकट्या उजव्या हातानं खेळ करायचे. काडेपेटी, रबरबँड, चिंचोका, जे सापडेल ते.

कौशल्याबाई चार नंबरवर असायच्या. अर्जुनी मोरगावजवळच्या खेड्यातल्या. पहिल्या दिवशी सुई बघून त्यांनी हात ओढून घेतला होता. मरण आलं तरी चालेल, घरी जाते म्हणाल्या. शेजारून काका बोलले, "बाई, इकडे पाहा जी. हा चिंचोका कोनत्या बोटात आहे, सांगा." बाई बघायला लागल्या. काकांनी मूठ मिटली, उघडली. रिकामी. "आता तुमच्या उशीखाली पाहा." उशीखाली चिंचोका होता. तोवर माझ्या दोन्ही सुया लागल्या होत्या.

त्यानंतर दोन वर्षं असंच चाललं. काकांनी भुवई उचलली की मी टोचायचे. बाईंना कळायचंही नाही.

त्या सोमवारी बाईंनी विचारलं, "काका काऊन नाही आले?"

"नागपूरला नेलंय. तपासण्या आहेत."

"कवा येतीन?"

"बघू."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि हात पुढे केला. बुधवारीही तसंच. शुक्रवारी त्या आल्याच नाहीत. मी फोन लावला. मुलानं उचलला. "आई येत नाही म्हणून राहिली, म्याडम. सकाळी तिनं काकाच्या घरी फोन लावला होता."

डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साचतं, दम लागतो. पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. मी हे मुलाला सांगितलं. बाई फोनवर आल्या नाहीत. शनिवारी सकाळी मी अर्जुनीची बस धरली.

बाई अंगणात खाटेवर टेकून बसल्या होत्या. पाय सुजलेले. दर दोन शब्दांमागे दम घ्यायला थांबत होत्या.

"सोमवारी मी तुमाले इचारलं, तवा ते घरीच होते. दुपारी मसनात नेलं त्याईले. आमगाव काही दूर नोतं, म्याडम. मी जाऊन आली असती."

बीपीचं कारण माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते दिलं नाही. "मी खोटं बोलले, बाई. सरांनी सांगितलं होतं, पण बोलले मीच."

"उद्या मी गेली, तं लोकाईले असंच सांगसान का? नागपूरले नेलं म्हून?"

"नाही."

"काऊन इश्वास ठेवू?"

"ठेवू नका. पण आज चला. सोमवारी मी सगळ्यांना सांगते, तुमच्यासमोर."

त्यांनी मुलाला गाडी बघायला सांगितलं. वाटेत एकदाच बोलल्या. "तरास झाला का त्याईले?"

"काकू म्हणाल्या, नाही झाला."

त्या दिवशी युनिटमध्ये सुई टोचताना कौशल्याबाई पहिल्यांदाच थेट सुईकडे बघत होत्या. त्यांनी हात मागे घेतला नाही.

सोमवारी मशीन सुरू करण्याआधी मी प्रत्येक बेडपाशी जाऊन सांगितलं. एक नंबरवरचे गुरुजी म्हणाले, "मले मागच्या सोमवारीच समजलं होतं. तुमचा चेहरा पाहून." दोघं रडले. मग सगळ्यांनी मिळून तेरवीला जायचं ठरवलं. ती नेमकी डायलिसिस नसलेल्या दिवशी होती.

सर चिडले. "मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

त्यांनी चारही तास प्रत्येकाचं बीपी स्वतः बघितलं. कोणाचंही पडलं नाही. आता आमच्याकडे पेशंट गेला की बाकीच्यांना त्याच दिवशी सांगतात. अंत्यविधीची वेळसुद्धा सांगतात. मरणाची बातमी ऐकून कोणी डायलिसिस सोडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. माझं खोटं कळल्यावर एकीनं सोडलं होतं.