त्यांच्यासाठी राखलेली खोली

नवऱ्याची परदेशात स्वतःची कंपनी म्हटलं की भंडाऱ्यातल्या बायकांचे डोळे मोठे व्हायचे. शेजारची मास्तरीणबाई तर मला तोंडावर म्हणायची, बाई, तुझं नशीब सोन्याचं. मी मनात म्हणायची, घे माझं सोनं, अन् तुझा तो दिवेलागणीला सायकलीवरून घरी येणारा मास्तर मला दे.

आमच्या घरी हातमागांचा धंदा. हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आखातात गेले, आधी कापडाच्या दुकानात नोकर म्हणून. मग तिकडच्याच एका माणसाला भागीदार घेऊन त्यांनी कापडाची कंपनी उभी केली. मला नेता आलं असतं, पण सासूबाईंचे गुडघे धरलेले, अन् भंडारा सोडायचं नाव काढलं की त्या ताटावरून उठायच्या. म्हणून मी इथं, हे तिथं.

एका दिवाळीला आले तेव्हा आम्ही दोघं नागपूरला कराच्या वकिलांकडे गेलो. मला एवढंच विचारायचं होतं, की यांना दरवर्षी जास्तीत जास्त किती राहता येईल. वकीलसाहेबांनी शांतपणे समजावलं. वर्षातले थोडेच दिवस इथं राहिलात तर कायद्याला तुम्ही बाहेरचे, तिकडच्या कमाईवर इथं कर नाही. पण तुमच्यासाठी इथं घर राखलेलं असेल, तर महिनाभर राहिलात तरी इथलेच धरले जाल. मग कंपनीतून जे काही हाती येतं, त्या सगळ्यावर इथला कर. त्या काळचे कराचे दर ऐकून यांचं तोंडच उतरलं. कंपनी नवी, पैसा सगळा मालात अडकलेला.

मी म्हटलं, घर धाकट्या दिरांच्या नावावर करून टाकू. साहेब म्हणाले, नाव कोणाचंही असो, यांच्यासाठी राखलंय का ते पाहतात. यांची खोली मोडा, दिरांना वापरू द्या. हे भावाकडे पाहुणे म्हणून येतील, मग महिन्याच्या वर काही दिवस राहता येईल. म्हणजे घरात बायको असली तर चालते, खाट नको! मला हसूही आलं अन् संतापही आला.

पण खोली मी मोडली, अन् हौसेनं मोडली. मला ते वरचे दिवस हवे होते. यांचे सदरे पेटीत घातले, पलंगावर दिरांच्या पोरींची दप्तरं आली. सासूबाईंचं मात्र वेगळंच. परगावी गेलेल्या माणसाचं अंथरूण गुंडाळू नये, गुंडाळलं तर तो परतत नाही, असं त्यांच्या माहेरी दिघोरीला मानायचे. मी सकाळी उचलायची, दुपारी त्या पुन्हा अंथरायच्या. समजावून समजावून माझं तोंड दुखलं. त्या म्हणायच्या, "सरकारले काय करा लागते माह्या पोराच्या अंथरुणाशी?"

पुढच्या वर्षी हे आले ते धानाची कापणी होईपर्यंत राहिले. आम्ही सिहोऱ्याला माझ्या माहेरी बैलबंडीनं गेलो, नव्या तांदळाचा भात खाल्ला. हे दुपारी बांधावर झोपले, अन् मी नुसती बाजूला बसून राहिली. माझ्या संसारातले सलग दिवस म्हणावे तर ते तेवढेच. अजूनही नव्या तांदळाचा वास आला की जीव कासावीस होतो.

हे परत गेल्यावर काही महिन्यांनी इन्कम टॅक्सचे एक इन्स्पेक्टर चौकशीला आले. बोलायला भला माणूस. दीर बाहेर गेलेले. आल्या माणसाला चहा तर पाजायलाच हवा, म्हणून मी आत गेली. चहा घेऊन येते तर सासूबाई त्यांना सगळं घर दाखवत फिरताहेत, अन् यांच्या खोलीच्या दारात उभ्या राहून मोठ्या मानानं सांगताहेत, "हे माह्या पोराची खोली. तो असो का नसो, रोज अंथरून ठेवतो आमी. त्याच्यासाठीच राखली हाय."

वकिलांनी जे बोलू नका म्हटलं होतं, नेमकं तेच. इन्स्पेक्टरांनी खाली मान घालून चहा घेतला. त्यांनाही वाईट वाटलं असावं, पण त्यांचंही कामच होतं ते.

कर बसला. यांनी तिकडचा माल पडत्या भावानं विकून तो भरला. मी सासूबाईंवर चिडली, पण चिडणार तरी किती? मला जे रोज करावंसं वाटायचं अन् भीतीपोटी मी करत नव्हती, तेच ती म्हातारी उघड्यावर करत होती. आईनं पोराची वाट पाहावी अन् तोच पुरावा व्हावा, याला काय म्हणायचं?

त्यानंतर हे धसकलेच. यायचे ते थोड्या दिवसांसाठी, झोपायचे बैठकीत. बॅगेतले कपडे बॅगेतच राहायचे. कोणी विचारलं तर स्वतःच सांगायचे, भावाकडे आलोय. सासूबाई गेल्या तेव्हाही तेरवीपुरतेच राहिले. जायच्या वेळी मी म्हटलं, अजून राहा ना, नाही तर आता मला तरी तिकडं न्या. तर म्हणाले, पाहू. ते 'पाहू' म्हणत अन् मी वर्ष काढत असे.

मग सरकारनं कायद्यातलं घराचं ते कलमच काढून टाकलं. वकीलसाहेबांनी मुद्दाम बोलावून सांगितलं, आता खुशाल खोली राखा, दिवसांचा हिशेब तेवढा सांभाळा. मी घरी येईपर्यंत रस्त्यात दोनदा रडली. दिरांनी लगेच खोली रिकामी केली, भिंतींना चुना मारून दिला. मी यांना कळवलं, या, आता तुमचं घर तुमचं आहे.

हे आले. दारात बूट काढले, बैठकीतल्या खुर्चीच्या कडेला बसले, दिरांना धानाचं विचारलं. जेवणं झाली. भात छान झाला म्हणाले, माझ्याकडे पाहून, परक्या घरी म्हणतात तसं. हात धुऊन आले अन् बॅग उचलून उभे राहिले. मी वाट पाहत होती. यांनी दिरांना विचारलं, "मी कुठी पडू जरासा?"

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुमच्या खोलीत." हे "हो, हो" म्हणून हसले, अन् तिथंच उभे राहिले. मी पुढं होऊन दार उघडलं, आत या म्हटलं, तेव्हा आले.