भुईमुगाची राखण

वन्यजीव व्यवस्थापनाच्या पदवीसाठी मला दोन कॉलेजं मिळत होती. एक आमच्या पालीहून एसटीने रोज जाण्यासारखं, दुसरं लांब उत्तरेत, पण जास्त चांगलं. घरात कॉलेज कुणीच पाहिलेलं नव्हतं. बाबा मुंबईला. भुईमुगावर माकडं आली की आई आणि मी डबे वाजवत राखण करायचो.

आईने विचारलं, "माकडांना घालवायला शिकवतात काय गो तिथे?"

"नाही, जपायला शिकवतात."

"म्हणजे तू त्यांच्याच बाजूची झालीस!" ती हसली. "लांबच्यालाच जा."

मी गेले.

परवा फोनवर आईला भुईमुगाचं विचारलं.

"यंदा पेरलाच नाही. एकटीने कुठवर राखायचं?"

दुसऱ्या दिवशी माकडांच्या टोळ्यांवर तास होता. मी मान खाली घालून सगळं लिहून घेतलं.